जिम्नी (पाच दारी): मोठे टायर आधी की लिफ्ट आधी?

पांदणवाट:
गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, मॅन्युअल. सोमवार ते शुक्रवार कोथरूड-हिंजवडी, सुट्टीला वेल्हे, भोर, मुळशीकडचे कच्चे रस्ते. कंपनीचे १९५/८० आर १५ (रुंदी मिमीत/बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत/रिम इंचांत) टायर संपत आलेत, म्हणून एकदाच काय ते ठरवायचं आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलला (चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याला) घासतो. आणि शेताचा बांध किंवा रस्त्यावरचा मातीचा ढीग ओलांडताना पोट टेकतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, "५० मिमीच्या स्प्रिंगा टाका, २३५ चे टायर टाका, बाकी काही लागत नाही." दुसरा म्हणतो स्प्रिंगा कशाला, लेथवर स्पेसर (स्प्रिंगसोबत बसवायच्या जाड चकत्या) करून घेऊ, स्वस्तात होईल. टायर २१५/७५, २२५/७५ की २३५/७५? लिफ्ट (गाडी उंच करणं) किती? आणि "बाकी काही लागत नाही" हे कितपत खरं?

चाकोरी:
तुमच्या दोन अडचणींची औषधं वेगळी आहेत.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. डिफचा गोळा अॅक्सलवर, अॅक्सल चाकांवर. स्प्रिंग कितीही उंच करा, वर जाते ती चासी आणि बॉडी. गोळा होता तिथेच राहतो. कंपनीने दिलेला २१० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स गोळ्याखाली वाढवायचा तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्मीच पदरात पडते. हिशोब असा:

१९५/८० आर १५: व्यास ६९३ मिमी
२१५/७५ आर १५: ७०३.५ मिमी, गोळ्याखाली साधारण ५ मिमी जास्त, स्पीडोमीटरवर दीड टक्का फरक
२२५/७५ आर १५: ७१८.५ मिमी, साधारण १३ मिमी जास्त, ३.७ टक्के फरक
२३५/७५ आर १५: ७३३.५ मिमी, २० मिमी जास्त, ५.८ टक्के फरक

म्हणजे २३५ टाकून मिळतात २० मिमी. तेवढ्यात चाकोरीचा प्रश्न सुटेलच असं नाही. तिथे खरा उपाय म्हणजे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर ठेवून जाणं. फुकट आहे.

पोट टेकण्याला मात्र लिफ्टचा थेट उपयोग होतो. पाच दारी गाडीचा व्हीलबेस २५९० मिमी, तीन दारीचा २२५०, म्हणून हिचं पोट लवकर टेकतं. कंपनीचा रॅम्प ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंश. ४० मिमी लिफ्टने ढोबळ हिशोबाने ३ अंश वाढतात. बांधावर हा फरक कळतो.

आता रिम. कंपनीची रिम ५.५ इंच रुंद. २१५/७५ ला ती किमान मापाची आहे, चालते. २२५ आणि २३५ ला किमान ६ इंच लागते. ५.५ वर २३५ चढतो हो, टायरवाला चढवूनही देईल, पण बाजू फुगतात, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. म्हणजे २१५ च्या पुढे गेलात की पाच रिमांचा खर्च धरा. पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ × १३९.७, मधलं भोक १०८ मिमी, मूळ ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर) +५ मिमी. ऑफसेट फार उणे घेतला तर टायर फेंडरबाहेर येतो, व्हील बेअरिंगवर आणि किंगपिनवर ताण वाढतो.

२३५ चं आणखी एक दुखणं: स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची आतली बाजू पुढच्या लीडिंग आर्मला (चाकांचा आस चासीला बांधणाऱ्या दांड्याला) घासते. बरेच जण समजतात की लिफ्टने हे जाईल. जात नाही, कारण आर्म अॅक्सललाच जोडलेला आहे. त्यासाठी स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट बाहेर काढावा लागतो, म्हणजे वळणाची त्रिज्या वाढते. पेठेत गाडी चालवणाऱ्याने विचार करावा.

माझं मत: २१५/७५ ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीसाठीचे) टायर आणि ४० मिमी लिफ्ट. बोलेरोचंही माप २१५/७५ आर १५ आहे, त्यामुळे वेल्ह्यात साइडवॉल फाटली तर निदान जोडकाम करायला टायर मिळतो.

बेसाल्ट:
मापाबद्दल चाकोरी यांच्याशी पूर्ण सहमत नाही. रिमा नाहीतरी बदलायच्या असतील तर ६ इंची रिमवर २२५/७५ घ्या. १३ मिमी फार नाहीत, पण टायरची बाजू उंच असली की हवा कमी केल्यावर पसरायला जागा मिळते, आणि खडकाळ वाटेवर पकड तिथूनच येते.

मात्र आकड्यापेक्षा साइडवॉल बघा. आपल्याकडची फुटलेली काळी खडी सुरीसारखी असते, टायर तळातून क्वचित जातो, जातो तो बाजूने. दोन थरांच्या साइडवॉलपेक्षा तीन थरांची घ्यावी. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९६ आहे, म्हणजे एका टायरवर ७१० किलो. त्याखाली जाऊ नका. उलट फार जाड, ट्रकछाप एलटी (लाइट ट्रक) टायरही हलक्या जिम्नीवर कडक पडतो, हवा कमी केली तरी पसरत नाही. वजन काट्यावर करून घ्या. एका टायरमागे ३-४ किलो वाढले तर ब्रेक, पिकअप आणि शॉकअप तिघांनाही ते जाणवतं. इंजिनचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. २३५ लावून वरंधा चढताना तिसरा-दुसरा असा खेळ चालू राहतो. फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू वेगासाठी) मध्ये अडत नाही, अडतं ते रोजच्या रस्त्यावर.

मड-टेरेनच्या (चिखलासाठीच्या टायरच्या) मोहात पडू नका. काळ्या चिकण मातीत ऑल-टेरेनच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो हे खरं, पण ते वर्षातले थोडे दिवस. पावसात ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर मड-टेरेनने ब्रेक लावणं हे वर्षभराचं दुखणं, शिवाय आवाज.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) मध्ये एका चाकाचा व्यास वेगळा असेल तर ट्रान्सफर केसमध्ये पीळ बसतो, आणि एबीएस-ईएसपीला (ब्रेक आणि घसरण सांभाळणाऱ्या यंत्रणांना) वाटतं चाक घसरतंय. स्टेपनी मागच्या दारावर असते. २३५ तिथे बसवण्याआधी बंपरपासूनचं अंतर मोजा, आणि दाराच्या बिजागरीवर किती वजन टांगतोय याचाही विचार करा.

पांदणवाट:
धन्यवाद. मग २१५ आणि ४० मिमी असं धरतो. रिमा आत्ता नको. स्पेसर की स्प्रिंगा, आणि सोबत काय काय बदलायचं तेवढं कोणी नीट सांगेल का?

चाकोरी:
स्पेसर नको. स्पेसरने गाडी ४० मिमी उचलली जाते, पण शॉकअप मूळ लांबीचाच राहतो. म्हणजे चाक खाली लोंबण्याचा प्रवास तेवढ्याने कमी होतो. वाट वाकडीतिकडी आली की चाक आधी हवेत जातं, आणि शॉकअप प्रत्येक खड्ड्यात पूर्ण ताणून आपटतो. आतला स्टॉप तुटतो, मग तेल गळतं. ऑफरोडसाठी उचललेली गाडी ऑफरोडलाच आधीपेक्षा वाईट होते. लेथवाल्याचं काम चांगलं असेलही, प्रश्न त्याच्या कामाचा नाही.

स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा लांब शॉकअप असा संचच घ्या. घेताना विचारायचं ते इतकंच: ही स्प्रिंग पाच दारी गाडीच्या वजनासाठी आहे ना? बाहेरून येणारे बरेच संच तीन दारी गाडीसाठी असतात. दोन्ही गाड्यांच्या मागच्या भागात वजन वेगळं, त्यामुळे उंची सांगितल्याप्रमाणे येत नाही. दुसरं, कायमचा भार किती. रूफ कॅरियर, विंच, मागे फ्रिज यातलं काही नसेल तर हलक्या भाराचीच स्प्रिंग घ्या. "पुढे लागेल" म्हणून जड घेतली की रिकामी गाडी ६० मिमी उचलली जाते आणि स्पीडब्रेकरवर बैलगाडीसारखी उडते.

काम सुरू करण्याआधी सपाट जागी, टाकी भरून, चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. लिफ्ट नेमकी किती झाली आणि गाडी एका बाजूला झुकली का, हे नंतर यावरूनच कळतं. अलाइनमेंटचा कागदही आधीच काढून घ्या, त्यात कॅस्टरचा (बाजूने पाहता स्टिअरिंगचा आस मागे किती कललाय त्या कोनाचा) आकडा हवा.

कॅस्टर हाच जिम्नीच्या लिफ्टचा गाभा. पुढचा अॅक्सल लीडिंग आर्मने मागे चासीला बांधलेला आहे. चासी वर गेली की आर्म तिरपा होतो, अॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो. किती? लिफ्टला आर्मच्या लांबीने भागा आणि ५७ ने गुणा. आर्म ६०० मिमीचा धरला तर ४० मिमीला जवळपास पावणेचार अंश, ५० मिमीला पावणेपाच. मूळ कॅस्टर थोडाच असतो, त्यातून एवढा गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि एक्स्प्रेसवेवर गाडी भरकटते. "बाकी काही लागत नाही" वाल्या गाड्या ८० च्या पुढे ओळखू येतात.

उपाय म्हणजे आर्मच्या अॅक्सलकडच्या टोकाला ऑफसेट बुश (जोडातली नळी, जिचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं). एका आर्मला दोन, एकूण चार. बुशवर दिशेची खूण असते; उलटा बसला तर सुधारणा होण्याऐवजी कॅस्टर आणखी उडतो, आणि असं होतं. प्रेसवर बसवताना स्वतः खूण बघा. बुश पॉलीयुरेथेनचे असतील तर अॅक्सलचा पीळ थोडा कमी होतो, ४० मिमीला चालून जातं. पण कॅस्टर फार मागे ओढायचा नाही, कारण त्यासोबत पुढच्या डिफचं तोंडही खाली जातं आणि फोर-हाय मध्ये प्रॉपेलर शाफ्ट घरघरतो. मागच्या बाजूला हे दुखणं नाही. तिथे आर्म तिरपा झाला की डिफचं तोंड आपोआप वर, ट्रान्सफर केसकडे वळतं.

लॅटरल रॉड (चाकांचा आस आडवा सरकू न देणारा दांडा): उचलल्यावर अॅक्सल रॉड चासीला जिथे बांधलाय त्या बाजूला सरकतो. ४० मिमीला ही सरक काही मिमीचीच असते. डाव्या-उजव्या टायरचं फेंडरपासूनचं अंतर मोजा. एका बाजूला ५ मिमीपेक्षा जास्त गेला असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

ब्रेकचे पाइप: चासीला जॅक लावून अॅक्सल पूर्ण लोंबू द्या, पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. पाइप, एबीएसची वायर, डिफचा ब्रीदर (हवेची नळी), काहीही ताणलं जाता कामा नये. ताणत असेल तर ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब पाइप घाला. हे काम "उद्या बघू" वर सोडायचं नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं: आर्म आणि रॉडचे बुशचे नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून बसवा, मग टॉर्क रेंचने आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो, काही महिन्यांत फाटतो आणि मग किटला नावं ठेवली जातात.

सातबारा:
तांत्रिक बाजू सगळी आली, कागदाची राहिली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्याच दुरुस्तीतल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच १२ असो की १४, नियम तोच. दंडापेक्षा विमा महत्त्वाचा: अपघातानंतर सर्व्हेअरला लिफ्ट दिसली तर क्लेम अडवायला कारण मिळतं. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या वॉरंटीचंही तेच. सगळं जाणून करायचं तर मूळ स्प्रिंगा, शॉकअप, टायर, रिमा गोणीत बांधून माळ्यावर ठेवा.

बेसाल्ट:
एक जोडतो. लिफ्टनंतर ६०-७० च्या वेगात खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग थरथरू लागलं, तर गॅरेजवाले आधी जाड स्टिअरिंग डॅम्पर विकतात. डॅम्पर रोग झाकतो, बरा करत नाही. क्रम असा: चाकांचं बॅलन्सिंग, टायरची हवा, लॅटरल रॉडचे बुश, टाय रॉडची टोकं, किंगपिन बेअरिंगचा ढिलेपणा, कॅस्टर. यात काहीच सापडलं नाही तरच डॅम्पर.

स्टिअरिंग व्हील तिरपं बसतंच. ते काढून सरळ लावायचं नाही, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवायची. नाहीतर ईएसपीला कोन चुकीचा कळतो आणि दिवा लागतो.

घाटमाथा:
मध्येच विचारतो, २०२० नंतरच्या थारला हेच लागू होतं का?

चाकोरी:
अर्धंच. थारला मागे अखंड अॅक्सल, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र). पुढचा डिफ चासीला बांधलेला असल्याने लिफ्टने तो खरोखर वर जातो, मागचा जात नाही. पण पुढे ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेलं असतानाही फिरवणाऱ्या सांध्याचा) बूट घासून फाटतो, ग्रीस उडालं की जॉइंट गेला. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही टोकाला टेकतो. पुढे २५-३० मिमीवर थांबा. त्याहून जास्त हवं तर वरचे आर्म बदलायची तयारी ठेवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे जिम्नी चालू द्या.

पांदणवाट:
ठरलं: २१५/७५ पाच, ४० मिमी स्प्रिंग-शॉकअप, चार ऑफसेट बुश, लॅटरल रॉड मोजून मग. मूळ सामान माळ्यावर. बसवल्यावर लगेच अलाइनमेंट करायचं ना?

चाकोरी:
लगेच एकदा, म्हणजे टायर खाल्ले जाणार नाहीत. मग ८००-१००० किमीनंतर पुन्हा. नवी स्प्रिंग ५-१० मिमी बसते, तेव्हा फेंडरची मापंही परत घ्या. चाकाचे नट १०० न्यूटन-मीटर, पहिल्या १०० किमीनंतर पुन्हा तपासा. सस्पेन्शनचे सगळे नट ५०० किमीला, आवळल्यावर पेंटने रेघ मारून ठेवा म्हणजे सरकला तर दिसतो. हेडलाइट खाली घ्या, नाहीतर कात्रजच्या बोगद्यात समोरचा शिव्या घालेल. खडकावर हवा १८ पीएसआय, चिखलात १६. त्याखाली टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून कॉम्प्रेसर गाडीत हवाच.