बाबांच्या भजनाच्या कॅसेट वाचवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार. बाबांना जाऊन श्रावणात वर्ष होईल. किडनीच्या आजारात ६ वर्षं काढली, आठवड्याला तीनदा चार-चार तास डायलिसिस. तरी वास्कोच्या दामोदर सप्ताहाला जायचंच. शंभराहून जास्त वर्षं चालत आलेलं ते अखंड भजन, त्यात आपली पाळी चुकता नये म्हणायचे. शेवटच्या वर्षी सूर लागेना, तर मांडीवर ठेका धरून बसले. ते बसणं डोळ्यांसमोरून हलत नाही.

कपाटात त्यांच्या आवाजातल्या ९ कॅसेट मिळाल्या. आपल्याकडच्या दमट हवेने दोन कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरलीय, टेपला लावायचा धीर होत नाही. फोंडा-मडगावकडे फीत साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देणारं जपून काम करणारं कोणी आहे का? वर्षश्राद्धाआधी आईला ऐकवायचंय.