आडनाव गावाचं, ढाल घराण्याची
एकाच आडनावाच्या सगळ्यांचं कुलचिन्ह, म्हणजे घराण्याची ढालीवरची खूण, एकच असते, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. इंग्लंडमध्ये ढालीवरचं चिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही. पुढे ते फक्त त्याच्या वंशजांकडे जातं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घराणंच घ्या. 12व्या शतकात हर्टबर्नच्या विल्यमने उत्तर इंग्लंडमधलं, डरहॅमकडचं वॉशिंग्टन गाव घेतलं आणि गावाचंच नाव लावलं, अगदी आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं. ढाल पांढरी, तिच्यावर दोन तांबडे आडवे पट्टे, वर तीन तांबडे तारे. इंग्लंडमधल्या सल्ग्रेव्ह गावी या घराण्याचा वाडा आहे, तिथे दाराच्या कमानीच्या कोपऱ्यांत हे तारे-पट्टे दगडात कोरलेत, फार देखणं काम! वॉशिंग्टन शहराच्या 1938 सालच्या झेंड्यावर हेच आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरचे मात्र इथूनच आले, याला पुरावा नाही.