म्युनिकमधला पहिला ख्रिसमस : ३०० युरोत काय जमेल?

नवा_म्युनिककर : नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात पुण्याहून म्युनिकला आलोय. मी, बायको आणि चार वर्षांची लेक. ३०० युरोत लेकीचं थंडीचं जाकीट आणि एक ख्रिसमस बाजार बसवायचाय. २५ ला जावं म्हणतो, गर्दी कमी असेल. बायको अंडं खात नाही. कुठे जाऊ?

पेठेतला_पाहुणा : फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. दुसरं नावच काढू नका. आम्ही तीन रात्री राहिलो, हॉटेलचेच साडेसहाशे गेले, पण सासूबाईंनी तिथला फोटो फ्रेम करून लावलाय.

नवा_म्युनिककर : बजेट ३०० आहे हो. जाकिटासकट.

एरलांगेनचे_काका : न्यूर्नबेर्ग! बायर्न-तिकीट काढा, म्हणजे आपल्या या बायर्न राज्यात दिवसभर फिरायचं तिकीट, साध्या गाड्यांना चालतं. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच. लेकीला तिकीट लागत नाही. तिथे छोट्या पावात तीन बोटभर सॉसेजं देतात, ती खायचीच. आणि लेबकुखन, म्हणजे इथला मसाल्याचा बिस्किटवजा केक घ्या, एलिझन प्रकारचा. त्यात पीठ फार तर १० टक्के, सुकामेवा भरपूर.

डोंबिवली_फास्ट : काका, एलिझनमध्ये अंडं असतं. वहिनींना साखरेत घोळलेले गरम बदाम द्या. बटाट्याची धिरडी अ‍ॅपल सॉसबरोबर मस्त लागतात, पण त्यातही बहुतेक अंडं घालतात, विचारून घ्या.

एरलांगेनचे_काका : एवढं विचारत बसलं तर बाजार उठेल.

कुडकुडे : जाकिटात कंजुषी नको. मी २४० युरोचं घेतलं, उणे २० ला चालतं.

डोंबिवली_फास्ट : म्युनिकात उणे २० कधी बघितलंत? पोर वर्षात वाढतं. क्लाइनअनत्साइगेन या जुन्या वस्तूंच्या साइटवर वापरलेलं घ्या, आत दोन-तीन थर चढवा. इथले लोक यालाच कांद्याची पद्धत म्हणतात.

मगवाली_मावशी : बाजारात ग्लूवाइनच्या, म्हणजे गरम मसालेदार वाइनच्या मगचं डिपॉझिट घेतात. मग परत केला की पैसे मिळतात, पण आम्ही करत नाही. घरी १४ झालेत. लेकीला किंडरपुन्श घ्या, त्यात दारू नसते.

कुडकुडे : १४ मग म्हणजे भांड्यांचं दुकानच की.

मगवाली_मावशी : तुमच्या जाकिटापेक्षा स्वस्तच पडले.

रव्यावर_जगलेला : अहो, २५ ला कुठला बाजार? म्युनिकच्या मारीएनप्लाट्झ चौकातला २४ ला दुपारीच आवरतात, न्यूर्नबेर्गचंही तेच. आणि दुकानांचं कुणीच कसं सांगत नाही? बायर्नमध्ये २४ ला दुपारी २ वाजता दुकानं बंद होतात. २५-२६ सुट्टी. यंदा २४ गुरुवारी, म्हणजे २७ ला रविवार. थेट सोमवारी २८ ला उघडणार. पहिल्या वर्षी मी २४ ला तीन वाजता पिशवी घेऊन निघालो, शटर खाली. घरात रवा आणि आईचं लिंबाचं लोणचं. दोन दिवस उपमा, तिसऱ्या दिवशी कांदाही संपला. शेवटी मेन स्टेशनातलं एक दुकान उघडं सापडलं, तिथे माझ्यासारखे पन्नास जण रांगेत. दूध, पाव, भाजी २३ लाच भरा. २४ ची संध्याकाळ इथे घरच्यांची असते, रस्ते ओस पडतात. आणि घरमालकीण बिस्किटांचा डबा देईल, तो रिकामा परत करू नका. मी केला होता.

एरलांगेनचे_काका : मी हेच लिहिणार होतो.

पेठेतला_पाहुणा : +१. दुकानं बंद असतात. म्हणूनच स्ट्रासबुर्ग.

नवा_म्युनिककर : सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली, बाजार रद्द. साडेचारलाच अंधार पडतो आणि लेक गर्दीत कडेवरून उतरत नाही. स्टुटगार्टहून मित्र सहकुटुंब येतोय, २५ ला मिसळ. मालकीणबाईंना करंज्या. जाकीट १८ युरोत मिळालं, जांभळं. लेकीला लाल हवं होतं, दोन दिवस बोलत नाहीये.

डोंबिवली_फास्ट : फरसाण कुठून आणणार?

रव्यावर_जगलेला : पाव २३ ला. विसरू नका.

पेठेतला_पाहुणा : चूक करताय.