उड्डाणात अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) बंद पडला, तर पुढे जावे की मागे फिरावे?

शिकाऊ वैमानिक, लातूर
मी सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर प्रशिक्षण घेत आहे. समजा, लातूरहून छत्रपती संभाजीनगरकडे एकट्याने जाताना, बीडच्या पुढे कमी व्होल्टेजचा दिवा लागला आणि अँमीटरचा काटा उणे बाजूला गेला, म्हणजे वीज बॅटरीतून खर्च होऊ लागली. पुस्तिकेतील कृती मला पाठ आहेत. परंतु त्या करूनही दिवा विझला नाही, तर पुढचा विचार कसा करावा? इंजिन बंद पडेल, ही भीतीही मनातून जात नाही.

निवृत्त प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर
इंजिनाची भीती आधी सोडून द्या. इंधन पेटवणारी ठिणगी मॅग्नेटो देतात आणि ते इंजिनाच्याच फिरण्यावर चालतात, त्यामुळे विमानातील विजेचे मुख्य, म्हणजे मास्टर स्विच बंद केले तरी इंजिन चालूच राहते. अ‍ॅव्हिऑनिक्स (रेडिओ व दिशादर्शक उपकरणे) तेवढ्यापुरती बंद करून अल्टरनेटरचे सर्किट ब्रेकर (जादा प्रवाह आल्यास उडणारे सुरक्षा-बटण) पाहावे आणि अल्टरनेटरचे स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. दिवा तरीही राहिला, तर अल्टरनेटरचे स्विच बंद ठेवून केवळ बॅटरीवर उरलेला वेळ मोजावा, खटक्याशी झटापट करत बसू नये. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), लँडिंग लाइट आणि दुसरा रेडिओ लगेच बंद करावा. मात्र त्याच वेळी, म्हणजे बॅटरीत जोर असतानाच, चिकलठाण्याच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगर विमानतळाच्या टॉवरला परिस्थिती सांगून टाकावी. कारण ऐकण्यापेक्षा बोलण्याला कितीतरी अधिक वीज लागते आणि ती शेवटी उरेलच असे नाही. टॉवरला कल्पना मिळाली असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर मी पुढे जाईन. पुढे गोदावरी आणि डावीकडे नाथसागर दिसत असल्याने दिशा चुकण्याचे कारण नाही.

विमान देखभाल अभियंता, नांदेड
सरांच्या शेवटच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. बीडपासून दोन्ही अंतरे जवळपास सारखीच आहेत. शिकाऊ वैमानिकाने ओळखीच्या, कमी रहदारीच्या धावपट्टीकडे फिरावे. बॅटरीच्या क्षमतेचा आकडा नव्या बॅटरीचा असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिशाची बॅटरी लवकर जुनी होते. शिवाय १७२ चे फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपा) विजेवर चालतात. ते खाली आल्यावर बॅटरी संपली, तर पुन्हा उठण्याची वेळ आल्यास वर घेता येणार नाहीत. म्हणून धावपट्टी लांब असेल, तर फ्लॅपविना उतरणे बरे. सर्किट ब्रेकर उडालेले असून जळका वास येत असेल, तर ते पुन्हा दाबूच नये.

शिकाऊ वैमानिक, लातूर
दोघांचेही आभार. सर, टॉवरशी बोलण्याआधीच रेडिओ गेला तर?

निवृत्त प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर
मग अभियंत्यांचे म्हणणे मान्य, मागे फिरावे. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाचा सांकेतिक क्रमांक कळवणारे यंत्र) चालत असेल, तर त्यावर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा क्रमांक लावावा. टॉवर असलेल्या विमानतळावरच जाणे भाग पडले, तर प्रकाशसंकेत पाहावेत: स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतर विमानांना वाट देऊन घिरट्या घालत राहणे. आणि एक लक्षात असू द्या, इंजिनाविषयी मी दिलेला दिलासा मॅग्नेटोच्या इंजिनापुरताच आहे. संगणक-नियंत्रित डिझेल इंजिनांना वीज लागतेच. २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे, बॅटरी उतरलेल्या अवस्थेत उड्डाण केलेल्या डायमंड डीए४२ ची चाके वर घेताना व्होल्टेज कोसळले आणि दोन्ही इंजिने बंद पडली.