सूपचा थर्मास आणि मिस्टर फ्रीझ

'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज' या कार्टून मालिकेतल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागाचा शेवट पोरकट आहे, थर्मासमधल्या गरम सूपने खलनायक मिस्टर फ्रीझ हरतो हे पटत नाही, असं कुणीतरी म्हटलंय. मला मात्र तो थर्मासच फार आवडतो. बॅटमॅनला त्या भागात सर्दी झालेली असते, म्हणून त्याचा बटलर आल्फ्रेड ते सूप सोबत देतो. म्हणजे कुणीतरी मायेने दिलेली वस्तू कामी येते, आणि समोर जो फ्रीझ आहे त्याची काळजी घेणारं माणूस, त्याची बायकोच, बर्फात गोठून गेलंय. हा योगायोग नाही, हे मुद्दाम लिहिलंय.

१९९२ सालचा हा भाग. लेखन पॉल डिनी, दिग्दर्शन ब्रूस टिम. लेखनासाठी याला डेटाइम एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला. त्याआधी मिस्टर फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूकवाला एक किरकोळ चोर. आजारी बायको नोरा आणि तिच्यासाठी चाललेलं संशोधन बंद पाडणारा कंपनीप्रमुख बॉइल, हे सगळं या भागाने दिलं आणि पुढे कॉमिक्सनेही तेच उचललं.

फ्रीझला आवाज देणाऱ्या मायकल अन्साराला नीट ऐका. आवाज एकदाही चढत नाही. शेवटी कोठडीत फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीकडे बघत नोराची क्षमा मागतो, तेव्हाही तीच सपाट पट्टी. तिथे माझ्या घशात आवंढा येतो, दर वेळी. आणि बॉइलला आवाज मार्क हॅमिलचा आहे, पुढे जोकर झाला तोच!