पतसंस्थेचं फॉक्सप्रो ब्राउझरवर: आहे तेच दाखवायचं की नव्याने लिहायचं?

जुनीवही: व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस साधन), त्याच्या डेटाच्या डीबीएफ फाइली, तीन शाखा, एका वेळी 15 जण. संचालकांना शाखांचं काम ब्राउझरवर हवंय. काय निवडावं?

सर्व्हरवाला: अपाची ग्वाकामोली, म्हणजे सर्व्हरवरचा विंडोज डेस्कटॉप ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन. प्रोग्राम आणि डीबीएफ एकाच विंडोज सर्व्हरवर ठेवा. प्रोग्राम शाखेत नि डेटा मुख्यालयात असला, की लाइन गेल्यावर अर्धवट लिहिलेला सीडीएक्स इंडेक्स (डीबीएफची शोधसूची) बिघडतो. इथे फक्त जोडणी तुटते, पुन्हा लॉगिन केलं की तोच फॉर्म समोर. रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट मात्र बाहेर उघडू नका, ब्राउझरचं 443 पुरे.

शून्यबाकी: आणि पासबुक? ग्वाकामोली छपाईची पीडीएफ करून देतं, पासबुक प्रिंटरचे एस्केप कोड (प्रिंटरला दिलेल्या छपाईच्या आज्ञा) त्यात उरत नाहीत. वर 15 जणांचे आरडीएस (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेचे) परवाने, ते न घेता मिळणारी 120 दिवसांची मुदत संपली की नवं लॉगिन अडतं. एवढा खर्च कशावर? मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2015 मध्ये आधार काढून घेतलेल्या, 2 जीबीला फाइल अडणाऱ्या गोष्टीवर! पोस्टग्रेस डेटाबेसवर नव्याने लिहा.

सर्व्हरवाला: पासबुकाच्या काउंटरला ब्राउझर देऊच नका. व्हीपीएनवरून (खासगी सुरक्षित जोडणीवरून) साधं रिमोट डेस्कटॉप द्या, विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत ईझी प्रिंट या सामाईक छपाई ड्रायव्हरचं प्राधान्य काढा आणि दोन्हीकडे ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर घाला, म्हणजे एस्केप कोड जसेच्या तसे जातात. खरी मेख कोडमध्ये असते. उताऱ्यासाठी ‘सी:\टेम्प\उतारा.डीबीएफ’ असं ठरलेलं नाव असेल, तर एका सर्व्हरवर दोघांनी एकदम उतारा काढला की एकाचं काम अडतं, नाहीतर दुसऱ्याच खातेदाराचा उतारा हाती येतो. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर फॉक्सप्रोच्या सिस(2023) वरून, दरवेळी वेगळं नाव सिस(2015) वरून घ्या.

रफार: नव्याने लिहा म्हणताय, पण सभासदांची नावं कशात आहेत ते आधी बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. नुसतं अक्षरामागे अक्षर बदललं तर ‘किर्लोस्कर’मधला ‘कि’ही फुटतो. आणि युनिकोड करून जुन्या फॉर्मवर दाखवावं, तर फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही, प्रश्नचिन्हं येतात.

शून्यबाकी: म्हणून तर आजच सुरुवात हवी, रोज नवे सभासद त्याच फाँटात भरले जाताहेत. जुना मजकूर आणि युनिकोड असे दोन स्तंभ शेजारी ठेवा, जोड खातेक्रमांकाने. मार्चअखेरचं व्याज दोन्हीकडे पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका.