‘रेडिएशन’ला किरणोत्सर्ग म्हणायचं का?

पेठकर: गल्लीत मोबाईल टॉवरविरोधात सह्या गोळा करायलेत, अर्जात लिहिलंय "टॉवरच्या किरणोत्सर्गामुळे नागरिकांच्या जिवास धोका". सहीचं नंतर बघू, पण शब्द बरोबर आहे का? मला तर किरणोत्सर्ग म्हटलं की चेर्नोबिलच आठवतंय.

कळंबारोड: बरोबर आठवतंय भावा. किरणोत्सर्ग म्हणजे रेडिओॲक्टिव्हिटी, युरेनियमसारख्या मूलद्रव्याच्या अस्थिर केंद्रकातून आपोआप किरण बाहेर पडतात ते. रेडिएशनला मराठी विश्वकोशात ‘प्रारण’ आहे आणि त्यात चुलीची धग, ऊन, टॉवरच्या रेडिओ लहरी सगळंच येतं. खरा प्रश्न ते प्रारण आयनीकारक, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन उडवणारं, आहे का नाही हा. क्ष-किरण तो उडवतात, मोबाईलच्या लहरींत तेवढा दमच नाही, साध्या उजेडाची वारंवारता त्यांच्या लाखो पट असून उजेडसुद्धा आयनीकारक नाही. लहरींचा जोर फार वाढला तर शरीर तापतं, मर्यादा ठरवल्यात त्या मुख्यतः त्यावरनंच.

उसाचा_फड: अर्जात प्रारण लिहिलंत तर क्लार्क विचारंल पारायण कुठल्या देवळात हाय. सरळ ‘रेडिओ लहरी’ लिवा की.

ताराराणी_चौक: शब्दाचं जाऊ दे, २०११ साली आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, या लहरी २बी गटात घातल्यात, ‘संभाव्य कर्करोगकारक’. त्याचं काय?

कळंबारोड: ते ‘संभाव्य’च घोळ घालतंय. २ए म्हणजे बहुतेक होत असावा, २बी म्हणजे होऊ शकेल पण पुरावा तोकडा, आणि मराठीत दोन्हीला संभाव्य लिहून मोकळे! कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कपण २बीतच आहे. आपल्याकडं २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलीय, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. शंका असंल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी मागवा, अर्जात तेच घाला.

पेठकर: हे पटलं. आता एक्स्पोजरला काय लिहू? ‘संपर्क’ म्हटलं तर फोन लावल्यासारखं वाटतंय.

ताराराणी_चौक: ‘लहरींच्या संसर्गात येणे’ वाचलंय कुठंतरी.

कळंबारोड: संसर्ग रोगाचा होतो ओ! ऊन लागतं, वारं लागतं, तशा ‘लहरी लागतात’ म्हणा. आणि सगळ्यात जास्त लागतात त्या कानाला धरलेल्या हँडसेटच्या, त्यातनं रेंज कमी असली की हँडसेट आणखी जोर लावतो.

उसाचा_फड: लागतात ठीक हाय, नाम करताना तेवढं ‘लागण’ करू नका, आमच्याकडं लागण म्हणजे आडसाली उसाची लावणी.